दोन टक्के मास्तर

दुकानाला कुलूप लागलं की दुकानदार देवमाणूस होतो, हा आमच्या रविवार पेठेचा जुना नियम आहे. तांबोळी मास्तरांचं तसंच झालं. आज गल्लीत कुणालाही विचारा, "असा माणूस पुन्हा होणे नाही," असं म्हणतील आणि लगेच गिऱ्हाइकाकडे वळतील. हेच लोक तीन-चार वर्षांपूर्वी त्यांना 'दोन टक्के मास्तर' म्हणून हाका मारत होते. मीही मारली आहे. त्यामुळे गळे काढणाऱ्यांत मी बसत नाही. पण परवा मास्तर माझ्या दुकानात येऊन गेले आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

माझं दुकान बटणं, चेन, लेस आणि अस्तराचं. त्याला लागून मास्तरांचं शिलाई मशीनचं होतं. मधली भिंत इतकी पातळ की त्यांनी तिकडे मशीन चालवून पाहिलं की इकडे माझ्या बरण्यांतली बटणं थरथरायची. अशी एकोणीस वर्षं काढली आम्ही.

मास्तर म्हणजे शिंपी नव्हेत. त्यांनी आयुष्यात स्वतःचा सदराही शिवला नसेल. पण मशीन घेणाऱ्या प्रत्येक बाईला ते तीन दिवस दुकानात बसवून मशीन चालवायला, तेल घालायला आणि बिघडलं तर निम्मं स्वतःच दुरुस्त करायला शिकवायचे, तेही फुकट. म्हणून मास्तर. उंच, काटकुळे, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. दिवसभर तेलात हात, पण शर्टावर तेलाचा डाग कधी दिसला नाही. मशीन विकण्याआधी ते दोरा न ओवता सुई कागदावरून चालवायचे आणि तो कागद उजेडाकडे धरून भोकांची रांग बघायचे. एक भोक जरी इकडचं तिकडे दिसलं तरी मशीन खाली उतरायचं आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, "उद्या या." गिऱ्हाईक उद्या येईलच याची खात्री नसते, हे मी त्यांना एकोणीस वर्षं सांगत होतो.

स्वभावानं गोड होते, असं मात्र कुणी सांगू नये. दुकानात पाऊल टाकणाऱ्याला त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "शिवणार आहात की ठेवणार आहात?" कोथरूडच्या एक बाई एकदा लेकीच्या लग्नासाठी मशीन बघायला आल्या. त्या सरळ म्हणाल्या, "अहो, रुखवतात मांडायला हवंय. चांगलं दिसणारं द्या." मास्तर म्हणाले, "मग मशीन कशाला घेताय? खोक्यावर छान रंगीत चित्र आहे, ते कापून मांडा. खोकं देतो रिकामं." बाई तणतणत माझ्याकडे आल्या आणि दीड हजाराची लेस घेऊन गेल्या. मास्तरांच्या तोंडामुळे माझं बऱ्याचदा असं भलं झालं आहे.

आणि भाव एकच. प्रत्येक मशीनच्या मानेला पुठ्ठ्याचं लेबल, त्यावर त्यांच्या सुरेख अक्षरात किंमत. त्या अक्षराचा त्यांना फार गर्व होता. भाव कमी करा म्हणणाऱ्याशी ते वाद घालत नसत, लेबलाकडे फक्त बोट दाखवत. एकदा आमच्या भागातले एक पोलीस अधिकारी बायकोला घेऊन आले आणि जरा आवाज चढवून म्हणाले, "मास्तर, आमच्याकडूनही तेवढेच घेणार?" मास्तर शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्हाला दोनशे कमी केले तर परवा हेच मशीन घेऊन गेलेल्या बाईंना दोनशे नेऊन द्यावे लागतील. त्या उरुळीला राहतात. जाण्या-येण्याचं भाडं तुम्ही देणार का?" साहेबांनी पूर्ण पैसे दिले. त्यानंतर महिनाभर मास्तरांच्या स्कूटरला रोज दंडाची पावती लागत होती, ती गोष्ट वेगळी.

कार्डाचं मशीन काही त्यांनी हौसेनं घेतलं नव्हतं. शिलाई मशीनच्या कंपनीनं सांगितलं की भरतकामाची महागडी मशीनं विकायची तर गिऱ्हाइकाकडून क्रेडिट कार्डानं पैसे घ्यावेच लागतील. मोबाइलवर स्कॅन करून खात्यातून पैसे आले तर आपलं काही कापलं जात नाही. पण रक्कम मोठी झाली की लोक कार्ड काढतात. महिना-दीड महिना पैसे बिनव्याजी वापरायला मिळतात, वर पॉइंट मिळतात. कोण सोडेल?

पहिल्या महिन्याचा हिशोब आला तेव्हा मास्तर चष्मा कपाळावर सरकवून, हातात कागद घेऊन माझ्याकडे आले.

"हे काय आहे, देवकर शेठ?"

"तो कार्डाचा खर्च. बँक दोन टक्के कापून घेते."

"कार्ड कोणाचं?"

"गिऱ्हाइकाचं."

"पॉइंट कोणाला?"

"गिऱ्हाइकाला."

"आणि पैसे माझे."

"हो."

मास्तरांनी त्याच कागदाच्या पाठीवर गणित मांडलं. साध्या आठ हजारांच्या मशीनमागे त्यांना सहाशे सुटायचे. त्यातले एकशे साठ बँक उचलायची. म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा, आणि तीन दिवस शिकवायचं ते वेगळंच.

मग मी त्यांना पेठेची विद्या दिली. समोरचा साडीवाला कार्ड दिसलं की मशीनला रेंज नाही म्हणतो. कोपऱ्यावरचा सराफ दोन टक्के हळू आवाजात सांगून रोख घेतो, त्याची कागदावर खूण नसते. आणि मी? मी चव्वेचाळीसची चेन पंचेचाळीस केली, शंभरचं अस्तर एकशे तीन. सगळ्यांनाच. ना कुणी विचारलं, ना मला कुणाला सांगावं लागलं.

"म्हणजे रोख देणाऱ्याकडूनही?" मास्तरांनी विचारलं.

"मास्तर, रोख देणाऱ्याला कळत नाही."

"मला कळतं ना."

आणि उठून गेले. मला राग आला. शेजाऱ्यानं फुकट सल्ला द्यावा आणि वर स्वतःच ओशाळावं, हा कुठला न्याय?

त्याच सुमाराला सुरेखा नावाची बाई त्यांच्याकडे मशीन घ्यायला आली. मूळची वाशीमकडची. नवरा हडपसरला कारखान्यात, ही घरी बसून शाळेचे गणवेश शिवणार होती. भिशी लागली होती, त्यातले आठ हजार रुमालात बांधून आणलेले. पन्नासाच्या आणि शंभराच्या नोटा. त्याच वेळी दुकानात एक तरुण जोडपं कार्डावर मशीन घेत होतं, तेच आठ हजारांचं. सुरेखा कुतूहलानं त्या कार्डाकडे बघत होती. ती म्हणाली, "मले नाही समजत त्यातलं काही. तुम्ही आपल्या नोटा मोजून घ्या, मास्तर." मास्तरांनी मोजल्या. संध्याकाळी मला म्हणाले, "शेठ, तुमच्या रीतीनं गेलो असतो तर त्या पोराच्या पॉइंटाचे पैसे ह्या बाईच्या रुमालातून गेले असते." मी म्हटलं, जगच तसं चाललंय. ते म्हणाले, "जग तुमच्या दुकानात चालतं का माझ्या?"

त्यांचा मुलगा अस्लम आयटीत आहे. दिल्लीला एका लग्नाला त्यानं आई-वडिलांना विमानानं नेलं, तिकिटं कार्डाच्या पॉइंटांवर. विमानतळावर लाउंज नावाच्या एका गार खोलीत नेऊन म्हणाला, "अब्बा, हवं ते खा. कार्डावर दोन रुपयांत सगळं." मास्तरांनी विचारलं, "बाकीचे कोण देतं?" "बँक देते," मुलगा म्हणाला. हे मला सांगताना मास्तर जे हसले ते हसणं मला आवडलं नाही. तिथे त्यांनी फक्त चहा घेतला. बिर्याणी होती म्हणे, गुलाबजाम होते. "शेठ, मला तिथे प्रत्येक ताटात आपली पेठ दिसत होती," ते म्हणाले. मुलगा बिचारा आठ दिवस बोलला नाही त्यांच्याशी.

तर मास्तरांनी त्यांच्या डोक्यानं तोड काढली. लेबलावरचा भाव तोच ठेवला. कार्डानं पैसे देणाऱ्याच्या बिलात मात्र खाली एक वेगळी ओळ लिहायला लागले, "कार्डाचा खर्च, बँकेकडे जाणारा, दोन टक्के". समोर रक्कम. खाली सही आणि दुकानाचा शिक्का. त्या सुरेख अक्षरात.

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "मास्तर, घ्या, पण लिहू नका. तोंडी घ्या. सगळे तेच करतात."

"ताकाला गेलोय तर भांडं का लपवू?" ते म्हणाले. "जे लिहायची लाज वाटते ते घ्यायचंच कशाला?"

आता ह्याला कोण काय सांगणार? आमचा सगळा व्यवहार ज्या एका गोष्टीवर उभा आहे, की घ्यायचं आणि लिहायचं नाही, नेमकी तीच ह्या माणसाला समजत नव्हती. वर्षभर चाललं. 'दोन टक्के मास्तर' हे नाव तेव्हाच पडलं. काही लोक कुरकुरत कार्ड खिशात घालून स्कॅन करायचे. मास्तर खूश व्हायचे. दुप्पट गिऱ्हाईक आल्यासारखे.

मग तो आला. तिशीतला, बोलायला अतिशय नम्र. बायकोला घरून भरतकामाचा व्यवसाय करायचा होता. चौसष्ट हजारांचं मशीन. मास्तरांनी बिलातली ओळ बोट ठेवून वाचून दाखवली, बाराशे ऐंशी रुपये. तो म्हणाला, "नो प्रॉब्लेम काका." बायको तीन दिवस येऊन शिकून गेली. तिसऱ्या दिवशी तिनं मास्तरांना पेढेही दिले. चौथ्या दिवशी नवऱ्यानं बिलाचा फोटो बँकेला पाठवला आणि इंटरनेटवर टाकला. वर लिहिलं होतं, 'रविवार पेठेत खुलेआम लूट'. खाली शे-दीडशे लोकांनी शिव्या दिल्या. त्यातल्या एकानंही त्या बाईला तीन दिवस शिकवलं कोणी, ते विचारलं नाही.

बँकेचा माणूस आला तेव्हा मी मास्तरांच्याच दुकानात होतो. गळ्यात ओळखपत्र, हातात बिलाच्या फोटोची प्रत.

"करारात कलम आहे, मास्तर. गिऱ्हाइकाकडून वेगळा आकार घेता येत नाही."

"मी वाचलं नव्हतं. चूक माझी," मास्तर म्हणाले. "पण मला एक सांगा, हेच दोन टक्के मी सगळ्यांच्या भावात मिसळले तर?"

"भाव ठरवणं तुमच्या हातात आहे. त्यात बँक पडत नाही."

"म्हणजे दिसू दिलं तर गुन्हा आणि झाकलं तर धंदा."

"मी तसं म्हणालो नाही."

"नाही, तुम्ही नाही म्हणालात," मास्तर म्हणाले.

तो माणूस वाईट नव्हता. कार्डाचं मशीन परत न्यायला त्याची वायर गुंडाळता गुंडाळता हळूच म्हणाला, "लिहिलं नसतंत तर मला काही करता आलं नसतं हो." मग बाहेर पडताना त्याचं लक्ष माझ्या पाटीकडे गेलं. त्यानं मला विचारलं, "शेजारचं दुकान तुमचं ना? तुम्ही घेता का कार्डावर जास्त?"

मास्तर माझ्या मागेच उभे होते. मी म्हटलं, "छे. आमच्याकडे सगळ्यांना एकच भाव."

खोटं नव्हतं ते. तेच तर वाईट.  मी माझ्या दुकानात येऊन बसलो.

बँकेनं त्या एका गिऱ्हाइकाचे पैसे परत करायला सांगितले होते. मास्तरांनी सगळ्यांचे केले. म्हणाले, चूक एकाच्या बाबतीत आणि बरोबर दुसऱ्याच्या, असं कसं असेल. बिलांच्या स्थळप्रती काढून त्यांनी चाळीसेक लोकांना फोन लावले. मी समोर बसून ऐकत होतो. कुणी म्हणालं, जीपे करा. कुणी म्हणालं, मीटिंगमध्ये आहे, मेसेज टाका. "राहू द्या मास्तर" असं एकानंही म्हटलं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही म्हटलं नसतं.

पेठेला मास्तरांची कीव आली असेल असं वाटत असेल तर तसं नाही. त्या प्रकारानंतर बँकेची माणसं महिनाभर दुकानं तपासत फिरली, म्हणून सगळे मास्तरांवरच उखडले. साडीवाला म्हणाला, "स्वतःच्या पायावर धोंडा पाडला तो पाडला, आमच्याही पायावर पाडला." चहाच्या टपरीवर मास्तर आले की गप्पा थांबायच्या.

खरा घाव पुढेच बसला. कार्ड नाही तर हप्त्यांची योजना नाही, आणि हप्ते नाहीत तर दिवाळीचा माल नाही, असं कंपनीनं कळवलं. माल हडपसरच्या मॉलमधल्या नव्या शोरूमकडे वळवला. वाट एकच उरली होती. बँकेला हमीपत्र लिहून द्यायचं, कार्डाचं मशीन परत घ्यायचं आणि दोन टक्के सगळ्यांच्या भावात मिसळायचे. एका सहीनं दुकान वाचणार होतं. मीच जाऊन त्यांची समजूत काढली. म्हटलं, "मास्तर, वहिनींचा विचार करा. हट्ट गिळा."

आणि त्यांनी गिळला. हे लोकांना माहीत नाही, म्हणून सांगतो. मास्तर कधीच झुकले नाहीत, असं आता पेठेत सांगतात. ते खोटं आहे. हमीपत्र टेबलावर होतं. मास्तरांनी कात्रीनं जुनी लेबलं कापली आणि नवी लिहायला बसले. आठ हजार एकशे साठ. पहिलं लेबल त्यांनी तीनदा लिहिलं. अक्षर बिघडत होतं.

पाच-सहा मशीनांवर नवी लेबलं लागली असतील, तेवढ्यात सुरेखा आली. बरोबर धाकट्या जावेला घेऊन. गणवेशाचं काम वाढलं होतं, दुसरं मशीन हवं होतं. पुन्हा रुमाल, पुन्हा नोटा. तिनं लेबल पाहिलं आणि गोंधळून विचारलं, "मास्तर, वाढली का हो किंमत? आम्ही आठच आणले."

कंपनीनं वाढवली, एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. मी तर दिवसातून दहादा म्हणतो. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"नाही बाई," ते म्हणाले. "वाढवत होतो. जमत नाही मला."

त्यांनी आठ हजार मोजून घेतले आणि त्या जावेला मशीनसमोर बसवून सुई कशी ओवायची ते दाखवायला लागले. हमीपत्रावर सही झाली नाही. मला इतका संताप आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्यासाठी संताप आला असं तेव्हा वाटलं होतं. आता कळतं, मला हवं होतं की त्यांनी सही करावी आणि आमच्यातलं व्हावं. एक माणूस जरी बाहेर राहिला तरी आत बसलेल्यांना अवघड होतं.

दुकान त्यानंतर चौदा महिने चाललं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

मास्तर घरोघरी जाऊन मशीनं दुरुस्त करतात, हे मला ठाऊक होतं. त्यांचं दुकान बंद झाल्यावर सुया, पट्टे, खालच्या दोऱ्याची रीळ बसते त्या बॉबिन केस, तेल हा सगळा माल मीच ठेवायला लागलो. गिऱ्हाईक चालत माझ्या दारात येत होतं, परत कशाला घालवायचं?

परवा दुपारी मास्तर आले. खांद्याला हत्यारांची पिशवी, शर्ट तसाच स्वच्छ. थकलेले दिसले. माझ्यासमोर एक मुलगी कार्डानं पैसे देत उभी होती. मास्तर तिचं होईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "एक बॉबिन केस द्या, शेठ."

मी दिली. ते ती उजेडात धरून बघत होते तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. ही वस्तू ते शंभराला विकायचे. त्यात किती सुटतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

"किती?"

ती मुलगी अजून काउंटरपाशीच होती, पिशवीत लेस भरत. तिच्यादेखत रोखीला भाव कमी केला असता तर तिनं विचारलं असतं. मी म्हटलं, "एकशे पाच."

मास्तरांनी मान वर केली. रागावले नाहीत.  शंभराची नोट काढून काचेवर ठेवली आणि खिशात पाचचं नाणं शोधायला लागले. एका खिशात नव्हतं. पिशवी खाली ठेवून त्यांनी दुसऱ्या खिशात हात घातला. राहू द्या म्हणायला मला भरपूर वेळ होता. मुलगीही तोवर निघून गेली होती.

नाणं सापडलं. त्यांनी ते नोटेवर ठेवलं. मी उचलून गल्ल्यात टाकलं.